१८ पूर्ण झाली, आता पुढे काय? बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी बालगृहात वाढले. अकरा वर्षं. बाहेर पडले त्या दिवशी एक पत्र्याची ट्रंक, एक प्लास्टिकची फाईल आणि मैत्रिणीच्या मावशीचा फोन नंबर एवढं घेऊन निघाले, आणि आफ्टरकेअर, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरही मिळू शकणारी मदत, असं काही असतं हे मला त्यानंतर दीड वर्षाने कळलं. आता गेली काही वर्षं मी बाहेर पडणाऱ्या पोरापोरींसोबत ऑफिसांच्या चकरा मारते, रूम बघते, बँकेत जाते. तेच तेच प्रश्न येतात, बरेचदा रात्री अकरानंतर मेसेजवर येतात, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवतेय. हे महाराष्ट्रातल्या मुलामुलींसाठी आहे. बहुतेक उत्तरं थेट तुझ्याशी बोलल्यासारखी आहेत, दोनतीन प्रश्न मोठ्या माणसांचेही आहेत.

१८ पूर्ण झाले की त्याच दिवशी बाहेर काढतात का?

बालगृह हे कायद्याने 'बालकां'साठी असतं आणि बालक म्हणजे १८ पूर्ण न झालेली व्यक्ती, त्यामुळे तिथला मुक्काम संपतो हे खरं. पण मदत संपते असं नाही. बाल न्याय कायदा २०१५ चा आहे, १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, त्यातलं कलम ४६ खास संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठीच आहे. आफ्टरकेअर २१ वर्षांपर्यंत मिळू शकतं, आणि अगदी गरज असेल तर अजून दोन वर्षं, म्हणजे २३ पर्यंत.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगते, कारण सगळा घोळ इथेच होतो. कायद्यात मदत 'देता येईल' असं लिहिलंय, 'द्यावीच लागेल' असं नाही. म्हणजे ते आपोआप होत नाही, कुणीतरी मागावं लागतं, प्लॅन लिहावा लागतो, ऑर्डर काढावी लागते. ज्यांच्यासाठी कुणी मागितलं त्यांना मिळालं आणि ज्यांच्यासाठी कुणी मागितलंच नाही ती मुलं ट्रंक घेऊन एसटी स्टँडवर उभी राहिली, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून कुणी मागत नसेल तर तू माग.

आफ्टरकेअर म्हणजे अजून एक होस्टेलच ना?

नाही. अनुरक्षणगृह हा त्यातला एक प्रकार झाला, तिथे राहायची सोय असते. पण याच कायद्याच्या २०१६ च्या नियमांमध्ये बरंच काही आहे: सहा ते आठ जणांनी मिळून तात्पुरतं एखाद्या घरात राहायचं, ट्रेनिंग चालू असताना स्टायपेंड, पुढच्या शिक्षणाला स्कॉलरशिप, नोकरी लागेपर्यंत आधार, नोकरी शोधायला मदत, नियमित संपर्कात राहणारा समुपदेशक, आणि स्वतःचा धंदा सुरू करायचा असेल तर कर्ज मिळवून द्यायला मदत. हे सगळं एकाच माणसाला लागत नाही. कुणाला फक्त राहायला जागा हवी असते, कुणाची जागेची सोय झालेली असते पण बोलायला माणूस हवा असतो. तुला यातलं काय हवंय ते तुला माहीत असलं पाहिजे, कारण बाल कल्याण समितीसमोर तोच प्रश्न येणार आहे.

ऑर्डर कोण काढतं आणि कधी मागायची?

बाल कल्याण समिती काढते, आणि तुझी केस बाल न्याय मंडळाकडे असेल (गुन्ह्यात नाव आलेल्या मुलांच्या केसेस तिथे चालतात) तर मंडळ. नियम असा आहे की बाहेर पडायच्या दोन महिने आधी तुझ्या परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) किंवा केस वर्करने पुढचा प्लॅन तयार करून समितीला किंवा मंडळाला द्यायचा, आणि आफ्टरकेअरची गरज असेल तर तशी शिफारस त्यात करायची.

दोन महिने फार कमी पडतात हे माझं स्वतःचं मत आहे. सोळाव्या वर्षीच विचारायला सुरुवात कर. प्रत्येक मुलाचा एक वैयक्तिक काळजी आराखडा असतो, संस्थेत त्याला आयसीपी म्हणतात, तो फक्त फाईलला लावायचा कागद नाही, त्यात तुझं मत यायला हवं. मॅडमना सरळ म्हण, माझा आयसीपी मला वाचायचाय. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळते, मला माहितीये, आपल्याला मागायची सवयच नसते, जे वाटलं जाईल ते घ्यायची सवय असते.

अर्ज साध्या मराठीत, साध्या कागदावर चालतो. मी अमुक संस्थेत अमुक सालापासून राहते, माझ्या वयाची १८ वर्षं अमुक तारखेला पूर्ण होतात, मी सध्या अमुक शिकते, मला राहण्यासाठी, शिक्षणासाठी, जे हवं असेल त्यासाठी आफ्टरकेअर मिळावं ही विनंती. खाली सही, तारीख. दोन प्रती काढ आणि एका प्रतीवर पोच घे, शिक्क्यासकट. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज.

मी आधीच बाहेर पडलोय, १९ वर्षांचा आहे. आता उशीर झाला का?

नाही झाला. २१ पूर्ण व्हायची आहेत ना, मग उठ आणि जा. ज्या जिल्ह्यातल्या संस्थेत होतास तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा, हा कक्ष जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसशी जोडलेला असतो, तिथे विचारलंस की सांगतात. संस्थेत असल्याचा पुरावा लागेल, म्हणजे समितीची दाखल केल्याची किंवा सोडल्याची ऑर्डर. ती नसेल तर संस्थेकडून राहिल्याचा दाखला घे. 'आता तू मोठा झालास, आमचा संबंध नाही' असं कुणी म्हणालं तर भांडू नकोस, अर्ज लिहून दे आणि पोच घे.

पैसे किती मिळतात?

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत महिन्याला ४००० रुपये आहेत, आधी २००० होते. ते थेट तुझ्या बँक अकाउंटला यायला हवेत, संस्थेच्या नाही. पुण्या-मुंबईत ४००० मध्ये कॉटसुद्धा धड मिळत नाही हे तुला मी सांगायला नको, आणि पैसे दर महिन्याला वेळेवर पडतीलच असं धरून चालू नकोस. कधी तीनचार महिन्यांचे एकदम येतात. म्हणून या पैशावर रूमचं भाडं ठरवू नकोस. क्लासची फी, पास, पुस्तकं, दवाखाना यासाठी ते धर, आणि भाड्याची सोय वेगळी कर, मग ती पगारातून असो किंवा वर सांगितलेल्या सहा-आठ जणांच्या ग्रुप होममधून.

मला शिवणकाम आवडत नाही, तरी त्याच कोर्सला घालतायत. काय करू?

हा प्रश्न वाचून मला दरवेळी वाईट वाटतं. मुलगी असेल तर शिवण नाहीतर ब्युटी पार्लर, मुलगा असेल तर वायरमन नाहीतर मोटर मेकॅनिक, अशी वाटणी वर्षानुवर्षं चालू आहे. त्या कामांत कमीपणा काहीच नाही, माझी एक रूममेट शिवणकामावर आज स्वतःचं घर चालवते, पण तिला ते आवडायचं. प्रश्न आवडीचा आणि जमण्याचा आहे.

आफ्टरकेअरचा अख्खा मुद्दा हाच आहे की ज्याचा त्याचा प्लॅन वेगळा हवा. माझ्यासमोरची तीन उदाहरणं सांगते, नावं नाही सांगत. एका मुलाला शिकायचं अजिबात नव्हतं, त्याला लगेच कमवायचं होतं कारण धाकटी बहीण अजून संस्थेत होती आणि तिला दर रविवारी काहीतरी घेऊन जायचं होतं. त्याला कॉलेजात घालून काय झालं असतं? सहा महिन्यांत सोडलं असतं. त्याला हवी होती दिवसाची नोकरी, रविवारी सुट्टी असणारी, आणि संध्याकाळी ओपन स्कूलमधून बारावीचा अभ्यास. दुसरी मुलगी नर्सिंगला लागली, तिला जागा मिळाली, फी माफ झाली, तरी दुसऱ्या महिन्यात निघून यायला बघत होती. कारण काय, तर होस्टेलवर एकटीला खोली दिली होती आणि ती जन्मात कधी एकटी झोपली नव्हती. डबल शेअरिंगची रूम बदलून मिळाली आणि मुलगी टिकली. करिअर काउन्सेलिंग नाही, स्कॉलरशिप नाही, फक्त एक दुसरी कॉट. तिसऱ्याला वाचताना अक्षरं उलटसुलट दिसायची, दहावीला तीनदा नापास, सगळे आळशी म्हणायचे, पण हातात पाना दिला की मशीन उघडून परत जशीच्या तशी लावायचा. त्याला आधी तपासणी हवी होती, मग कोर्स.

म्हणून प्लॅन बनवताना फक्त 'कोणता कोर्स' एवढंच विचारणारा कागद अर्धवट आहे. तू स्वतः एका वहीत हे लिही: मला एकट्याने झोप येते का, राग आला की मी काय करतो, पैसे हातात आले की किती दिवस टिकतात, मला कुठलं औषध चालू आहे, कुणाला भेटल्याशिवाय मला राहवत नाही, कुणाला पुन्हा कधीच भेटायचं नाही, स्वयंपाक किती येतो, आणि एक वर्षानंतर मला सकाळी उठून कुठे जायला आवडेल. ही वही घेऊन केस वर्करसमोर बस. आणि प्लॅन दगडावरची रेघ नाही, चार महिन्यांनी जमत नाही असं वाटलं तर बदलून मागता येतो, त्यात अपयश वगैरे काही नाही.

बाहेर पडताना कोणती कागदपत्रं हातात हवीत?

झेरॉक्स नाही, ओरिजिनल. जन्म दाखला किंवा वयाबद्दलची समितीची ऑर्डर, शाळा सोडल्याचा दाखला, सगळ्या मार्कशीट, आधार, पॅन, बँक पासबुक, समितीच्या ऑर्डर, जातीचा दाखला असेल तर तो, डोमिसाईल, दवाखान्याची फाईल. सगळ्याचे फोटो काढून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेव.

आता जिथे सगळ्यांचं अडतं त्या जागा सांगते. आधारला मोबाईल नंबर अनेकांचा अधीक्षकांचा नाहीतर संस्थेतल्या एखाद्या ताईंचा जोडलेला असतो, मग बाहेर गेल्यावर प्रत्येक ओटीपी त्यांच्या फोनवर जातो आणि त्या ताई तोवर नोकरी सोडून गेलेल्या असतात. बाहेर पडायच्या आधी आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोड. १५ वर्षांनंतर बोटांचे ठसे अपडेट करायचे असतात, ते राहिलं असेल तर तेही त्याच फेरीत करून घे. बँकेचं अकाउंट लहानपणी अधीक्षकांच्या सहीने उघडलेलं असेल तर १८ नंतर ते तुझ्या एकट्याच्या सहीवर करून घ्यावं लागतं, नवीन केवायसी आणि सहीचा नमुना देऊन, नाहीतर पैसे आत आणि तू बाहेर. आधारवर पत्ता संस्थेचा असेल तर घाबरू नकोस, चालतो, राहायचं पक्कं झाल्यावर रजिस्टर्ड भाडेकरारावर बदलता येतो. मतदार यादीत नाव घाल, तोही एक ओळखीचा कागद होतो. आणि पासपोर्ट लागणार असेल आणि तू अनाथ असशील, जन्म दाखला, दहावीचं सर्टिफिकेट काहीच नसेल, तर संस्थेच्या प्रमुखांनी लेटरहेडवर जन्मतारखेचं पत्र दिलं तरी चालतं, डिसेंबर २०१६ पासून तसा नियम आहे.

अनाथ प्रमाणपत्र सगळ्यांना मिळतं का? आणि १ टक्का आरक्षण?

सगळ्यांना नाही. बालगृहातली कितीतरी मुलं अनाथ नसतात, कुणाची आई असते, कुणाचे वडील असतात पण सांभाळू शकत नाहीत. त्यांना अनाथ प्रमाणपत्र मिळणार नाही, पण आफ्टरकेअर मिळू शकतं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आई जिवंत आहे म्हणून मला काहीच मिळणार नाही असं समजून गप्प बसलेल्या मुली मला भेटल्यात, तसं अजिबात नाही.

जे अनाथ आहेत त्यांना महाराष्ट्रात शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण २०१८ पासून आहे. ६ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने दोन प्रकार केले, संस्थेत वाढलेले ते 'संस्थात्मक' आणि नातेवाइकांकडे वगैरे वाढलेले ते 'संस्थाबाह्य'. २०२४-२५ पासून मुलींसाठी व्यावसायिक कोर्सेसची फी माफ करायचा जो निर्णय झाला त्यात या दोन्ही प्रकारच्या अनाथांना, मुलग्यांनाही, धरलंय. प्रमाणपत्राचं काम जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसमधून सुरू होतं आणि वेळ खातं, म्हणून बारावीच्या रिझल्टनंतर पळापळ करण्यापेक्षा अकरावीतच अर्ज टाक.

कोविडमध्ये आईवडील दोघंही गेले, माझ्यासाठी वेगळं काही आहे का?

पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन, २९ मे २०२१ ला जाहीर झाली. तुझं नाव त्या वेळी नोंदलं गेलं असेल तर १८ ते २३ दर महिन्याला स्टायपेंड आणि २३ पूर्ण झाल्यावर १० लाख. खातं कुठे आहे, कागद कुणाकडे आहेत हे १८ व्हायच्या आधीच विचारून घे, आणि नातेवाइकांच्या ताब्यात पासबुक असेल तर ते स्वतःकडे घे. १० लाखांबद्दल मित्रांमध्ये बोलत बसू नकोस.

रूम बघायला गेलो की घरमालक पहिला प्रश्न विचारतात, आईवडील कुठे असतात. काय सांगायचं?

तुझी गोष्ट कुणाला सांगायची हे तू ठरवणार. सगळं सांगायला तू बांधील नाहीस. पण खोटंही सांगू नकोस, कारण मग दिवाळीत ते विचारतात घरी नाही गेलास का आणि एका खोट्यावर दहा रचावी लागतात. मी साधं वाक्य शिकवते, 'मी होस्टेलवर राहून शिकलो, आता इथे नोकरी करतो, माझ्यासाठी या ताई जबाबदार आहेत, त्यांचा नंबर घ्या.' नोकरीचं लेटर किंवा कॉलेजचं आयकार्ड सोबत ठेव. मोठं कुणीतरी सोबत आलं तर बोलणं फार लवकर पटतं, हे बरोबर नाही पण आहे.

करार ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स असतो, आणि महाराष्ट्रात तो रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची आहे. डिपॉझिट रोख देऊ नकोस, अकाउंटवरून दे म्हणजे नोंद राहते. राहायला जायच्या दिवशी भिंती, नळ, बाथरूम, सगळ्याचे फोटो काढ, सोडताना 'हे तू तोडलंस' म्हणून डिपॉझिट कापलं की ते फोटो कामी येतात. आणि संस्थेतल्याच तिघाचौघांनी मिळून घ्यायची असेल तर भाडं, लाईट बिल, गॅस कोण भरणार ते आधी कागदावर लिहा, मैत्री त्याने तुटत नाही, न लिहिल्याने तुटते.

मी निरीक्षणगृहात होतो. नोकरीच्या फॉर्मवर लिहावं लागतं का?

कलम २४ नीट समजून घे. बाल न्याय कायद्याखाली ज्याची केस चालली त्याला त्या कारणाने पुढे कुठेही अपात्र ठरवता येत नाही, आणि ते रेकॉर्डही ठराविक काळाने नष्ट करायचं असतं. अपवाद एकच, १६ वर्षांवरच्या मुलाला बालकांच्या न्यायालयाने मोठ्या माणसासारखा खटला चालवून दोषी धरलं असेल तर. पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये काही अडलं तर स्वतः भांडायला जाऊ नकोस, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील घे, १५१०० वर फोन लागतो.

पहिला पगार आला. आता?

पेढे वाट, आणि मग पगाराची स्लिप माग. पीएफ कापला जात असेल तर यूएएन नंबर लिहून ठेव, नोकरी बदलली तरी तो तोच राहतो. पगार २१००० पर्यंत असेल आणि कंपनी ईएसआयमध्ये (कामगार विमा योजनेत) असेल तर ईएसआयचं कार्ड माग, आजारी पडल्यावर त्याच्याइतका आधार दुसरा नाही.

उसने देण्याबद्दल थोडं बोलते. आपण सगळे एका ताटात वाढलेलो, कुणी मागितलं की नाही म्हणता येत नाही, आणि ज्याला नोकरी लागते त्याच्याकडे सगळे येतात. माझा पहिला पगार ९ दिवसांत संपला, त्यातला अर्ध्याहून जास्त उसना गेला होता. पगाराच्या दिवशीच भाडं आणि थोडी रक्कम वेगळ्या अकाउंटला टाक, आणि त्या अकाउंटबद्दल कुणाला सांगू नकोस. मोबाईलवरच्या झटपट लोन अॅपपासून लांब राहा, ती फोनमधले सगळे नंबर उचलतात आणि मग प्रत्येकाला फोन करून बदनामी करतात. फसलासच तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. लाजून दोन दिवस घालवू नकोस, पहिल्या काही तासांतच पैसे अडवता येण्याची शक्यता असते.

रात्री झोप येत नाही. सगळं मिळालं तरी परत जावंसं वाटतं. माझंच काही चुकतंय का?

नाही गं, नाही रे, तुझं काहीच चुकत नाही. चाळीस जणांच्या हॉलमध्ये झोपलेल्या माणसाला शांत खोली म्हणजे घर वाटत नाही, काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. घंटा नाही, प्रार्थना नाही, कुणी दिवा बंद करा म्हणून ओरडत नाही. मी पहिले दोन महिने लाईट चालू ठेवून झोपायचे. आणि ज्या जागेवर आपण इतकी वर्षं चिडलो, तिथेच परत जावंसं वाटतं, याची लाज वाटते, हेही मला माहितीये.

सगळ्यात जड जाते ती दिवाळी. मेस बंद, पीजी रिकामं, सगळे गावी, आणि आपण एकटे व्हॉट्सअॅपवर दुसऱ्यांच्या फराळाचे फोटो बघत बसलेलो. त्यासाठी दसऱ्यालाच ठरवून ठेव की ते चार दिवस कुठे असणार. आमचा ग्रुप दरवर्षी एकाच्या रूमवर जमतो, चकली बिघडते, तरी खातो. रविवारचंही तसंच, काहीतरी एक ठरलेलं हवं, एखाद्या मैत्रिणीसोबत जेवण, संस्थेतल्या लहानांना भेटणं, क्रिकेट, काहीही.

मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर वाट बघू नकोस, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. आणि तुझ्या आफ्टरकेअर प्लॅनमध्ये समुपदेशक लिहून घे. नोकरी नीट चालू आहे म्हणजे मन नीट आहे असं धरून ते कलम गाळतात, गाळू देऊ नकोस.

इतकी वर्षं न फिरकलेले मामा आता न्यायला आलेत. जाऊ का?

जावंसं वाटणं साहजिक आहे. रक्ताचं कुणीतरी दारात उभं आहे, याच्यासाठी आपण किती खिडक्यांतून वाट बघितली. काही घरं खरंच प्रेमाने नेतात, तेव्हाची गरिबी आता सरलेली असते. पण १८ पूर्ण व्हायच्या आसपासच नातेवाईक का आठवतात हेही विचार. कधी घरात काम करायला हात हवा असतो, कधी तुझ्या नावावरचे पैसे, कधी मुलीचं परस्पर लग्न ठरवलेलं असतं. आधी चारपाच दिवस राहून ये, कॉलेज किंवा नोकरी सोडून जाऊ नकोस, ओरिजिनल कागद आणि एटीएम कार्ड सोबत नेऊ नकोस. १८ पूर्ण झाल्यावर तुला कुणीही जबरदस्तीने नेऊ शकत नाही आणि तुझ्या मर्जीविना लग्न लावू शकत नाही. मुलींनी १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर पाठ ठेवावा, आणि मुलींना, बायकांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी.

संस्था लग्न लावून देतेय. नाही म्हणता येतं का?

येतं. मुलीला १८ पूर्ण म्हणजे लग्न करता येतं, करावंच लागतं असं नाही. चांगल्या मनाने स्थळ बघणाऱ्या ताई असतात, त्यांना वाटतं पोरगी सुरक्षित होईल, त्यांना आदराने सांग की मला आधी माझ्या पायावर उभं राहायचंय आणि माझा आफ्टरकेअरचा अर्ज पुढे पाठवा.

दिव्यांग मुलांचं काय?

इथे १८ ची रेघ सगळ्यात निष्ठुर वाटते, कारण काहींना आयुष्यभर सोबत लागणार असते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, १८ च्या आधी काढा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली १८ नंतर कायदेशीर पालक नेमता येतो, त्यासाठी जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, आणि निरामय योजनेत १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. ज्याला थोड्या मदतीने जमू शकतं त्याला कायमचं आत ठेवू नका, आणि ज्याला जमणार नाही त्याला फक्त वय झालं म्हणून बाहेर काढू नका. दोन्ही होताना मी बघितलंय.

मी बालगृहात काळजीवाहक आहे. माझ्या हातात काय आहे?

तुमच्या हातात खूप आहे ताई. सोळा वर्षांच्या मुलाला महिन्याला थोडे पैसे द्या आणि हिशोब विचारू नका, फक्त संपल्यावर पुढच्या महिन्यापर्यंत थांबायला लावा. एकट्याने बसने पाठवा, चुकू द्या. दवाखान्यात केसपेपर त्यालाच काढू द्या. चार माणसांचा स्वयंपाक शिकवा, दोनशे जणांची भाजी चिरायला येणाऱ्या मुलीला एका वाटीचा भात लावता येत नाही. कुठला शर्ट हवा हे त्याला निवडू द्या, कारण ज्याने आयुष्यात कधी काही निवडलं नाही त्याला आपण अठराव्या वर्षी अख्खं आयुष्य निवड म्हणतो. आणि त्याच्या जन्माची, दाखल झाल्याच्या दिवसाची जी काही माहिती फाईलमध्ये आहे ती जायच्या आधी त्याला बसवून सांगा, लहानपणीचे फोटो द्या. आम्हाला लहानपणीचा एक तरी फोटो हवा असतो.

मी नोकरी करते, मला अशा एखाद्या मुलीला मदत करायचीय. पैसे देऊ का?

पैशाआधी वेळ द्या. एक मुलगी, आठवड्यातून एक फोन, महिन्यातून एक भेट, निदान दोन वर्षं. जमणार नसेल तर सुरूच करू नका, अर्ध्यावर सोडून गेलेली माणसं आमच्याकडे आधीच भरपूर आहेत. जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत जा, परस्पर नको. भाडेकरारावर साक्षीदार म्हणून सही करणं, ॲडमिशनच्या दिवशी रांगेत सोबत उभं राहणं, ताप आल्यावर 'गोळी घेतलीस का' म्हणून विचारणं, लागतं ते हे. तिची गोष्ट तिच्या नावाने, फोटोने सोशल मीडियावर टाकू नका, कितीही कौतुकाची असली तरी.

बाहेर पडल्यावर संस्थेत भेटायला गेलं तर चालतं का?

चालतं. आधी फोन करून जा, ऑफिसातल्या वहीत नाव लिहावं लागतं, शाळेच्या वेळेत जाऊ नकोस. लहान मुलं भोवती गोळा होतील आणि विचारतील, तू कुठे राहतेस, तिथे टीव्ही आहे का, दार आतून लावता येतं का. त्यांच्याजवळ बसून सगळं नीट सांग, भाडं किती ते पण सांग, आणि चावी त्यांच्या हातात दे बघायला.